गुडघे आवळून घोड्यावर तोल राहत नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नेरुळ-घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर घोडेस्वारीच्या शिबिरांचे मेसेज सुरू होतात. यंदा त्यांच्यासोबत आणखी एक मेसेज फिरला: 'घोड्यावर तोल सांभाळण्याचे सहा नियम'. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी जणांनी तो मला मोबाइलवर दाखवला, काहींनी तर पाठच करून आणला होता. नियम असे: गुडघ्यांनी घोडा घट्ट आवळून धरा. पाठ लोखंडी कांबीसारखी ताठ आणि छाती पुढे ठेवा. टाचा जमतील तेवढ्या खाली दाबा. तोल जातोय असं वाटलं की लगाम ओढा. नजर घोड्याच्या मानेवरून हलवू नका. आणि दहाव्या वर्षाच्या आत सुरुवात केली नसेल तर खरा तोल कधीच येत नाही. शेवटी पुस्ती अशी की शिवकाळातले आपले स्वार असेच बसत.

मी तळोज्याच्या पलीकडे एका छोट्या अरेनात शनिवार-रविवारी सकाळी नवख्या मोठ्या माणसांना शिकवते. हा मेसेज मनावर घेऊन आलेला माणूस खोगिरात बसला की लगेच ओळखू येतो. दोन फेऱ्यांत त्याला दम लागतो, मांड्या थरथरायला लागतात आणि खालचा घोडा कान मागे टाकून आखूड पावलं टाकत चालतो. म्हणून या सहाही नियमांना उत्तर द्यायला बसले आहे.

'गुडघ्यांनी घोडा घट्ट आवळून धरा'

हा सल्ला चटकन पटतो. जनावर उंच आहे, हलतंय, मग त्याला धरून बसावं असं कुणालाही वाटणारच. पण गुडघे आवळल्यावर शरीरात काय होतं ते बघा. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू आखडतात. घोड्याचं अंग गोल असतं, त्या गोलाईवर दोन्हीकडून दाब दिला की आपली बैठक खोगिरातून वर उचलली जाते. जे वजन पाय मोकळा सोडून खाली रिकिबीपर्यंत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीपर्यंत, उतरायला हवं, ते गुडघ्यापाशीच अडकतं. मग गुडघा जागीच खिळतो आणि बाकीचं शरीर त्याच्याभोवती फिरायला लागतं: पोटरी मागे जाते, धड पुढे कलतं. अशा वेळी घोडा अचानक थांबला तर माणूस सरळ त्याच्या मानेवर जातो. घोडा बुजला म्हणून पडलो असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण बुजण्याआधीच अर्धे सुटलेले असतात.

ठाणे-वाशी लोकलने उभ्याने जाणाऱ्यांना यातलं मर्म लगेच कळेल. तुर्भे सोडलं की गाडी वळण घेते, डबा कलतो. गुडघे कडक करून उभा असलेला नवखा प्रवासी शेजारच्याच्या अंगावर जातो. रोजचा प्रवासी काहीही न धरता उभा राहतो, कारण त्याचे गुडघे नि घोटे सैल असतात आणि हिसका तिथेच जिरतो. घोड्यावर हिसका जिरवायचं मुख्य काम खुब्याच्या सांध्याकडे असतं, त्याखालोखाल गुडघ्याकडे आणि घोट्याकडे. गुडघे आवळले की हे तिन्ही सांधे एकदमच बंद पडतात.

पायांची पकड हाच तोलाचा पाया असता तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल घोड्यावर बसूच शकल्या नसत्या. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घेणं) या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आलं, त्या वर्षी त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. १९५६ मध्ये पुन्हा एकदा रौप्य. त्यांचा तोल बैठकीत होता, धडात होता, घोड्याच्या प्रत्येक हालचालीला वेळेवर साथ देण्यात होता.

यावर कुणी म्हणेल की उडी मारताना तरी पाय लागतातच. लागतात, पोटरीचा आणि गुडघ्याचा संपर्क तेव्हा वाढतो. पण तिथेही आवळणं कामाला येत नाही. इटलीच्या घोडदळातले अधिकारी फेदेरिको काप्रिली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उडीची बैठकच बदलून टाकली. रिकीब आखूड करायची, धड घोड्याबरोबर पुढे न्यायचं, खुबा-गुडघा-घोटा दुमडू द्यायचे आणि घोड्याची पाठ नि तोंड मोकळं सोडायचं. आज जगभर उडी याच पद्धतीने शिकवतात.

मग पाय ठेवायचा कसा? मांडी खुब्यापासून लांब सोडायची, ती खोगिराला सपाट टेकली पाहिजे. गुडघा टेकतो, चावत नाही. पोटरी घोड्याच्या अंगाला हलकेच लागून राहते. हे अंगात आणायला एक साधा सराव आहे. घोडा उभा असताना, कुणीतरी त्याला धरलेलं असताना, दोन्ही मांड्या खोगिरापासून बोटभर बाजूला न्या, क्षणभर थांबा आणि सोडून द्या. सोडल्यावर पाय जिथे येऊन पडतो, तीच त्याची जागा. पहिल्यांदा करताना खुब्यात चांगलीच कळ येते. हे जमलं की चालत्या घोड्यावर करा.

'पाठ लोखंडी कांबीसारखी ताठ, छाती पुढे'

हा नियम अर्धा खरा आहे, म्हणून त्याच्यावर जरा जास्त थांबते. बाजूने पाहिलं तर स्वाराचा कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवेत. घोडा खालून काढून घेतला तर स्वार जमिनीवर आपल्या पायांवर उभा राहिला पाहिजे, अशी जुनी कसोटी आहे आणि ती अगदी योग्य आहे. पण सरळ बसणं आणि ताठरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. छाती जोर लावून पुढे काढली की कंबर आत जाते, पेल्व्हिस (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) पुढच्या बाजूला कलतो आणि कमरेचे मणके आवळले जातात. आता घोड्याच्या पाठीची हालचाल जिरवायला जागाच उरत नाही. ती सरळ वर चढते आणि डोकं खालीवर हलायला लागतं. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, ज्याची हनुवटी ठोके देत असते, त्याची कंबर बंद आहे असं समजावं.

घरी लाकडी स्टुलावर बसून दोन्ही तळहात बुडाखाली घाला. दोन टणक उंचवटे लागतील, ती बैठकीची हाडं. कंबर आत घेतलीत की ती मागे सरकतात, पोक काढलंत की पुढे येतात. दोन्हींच्या मध्ये अशी एक जागा सापडते की ती हाडं सरळ खाली रोवली जातात आणि पाठीला काहीच करावं लागत नाही. खोगिरात हीच जागा शोधायची असते.

आता आपल्याकडची अडचण. माझ्याकडे येणारे बरेचसे ऐरोली-महापेच्या ऑफिसांत दिवसभर खुर्चीत बसणारे आहेत. जांघेपुढचे स्नायू आखडून गेलेले. त्यांना 'पाय लांब सोडा' म्हटलं की खुबा उघडत नाही, त्याऐवजी कंबर आत वळते. अशा माणसाला वर 'छाती पुढे' असं सांगणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण आहे. त्याने घोड्यावर चढण्याआधी एक गुडघा जमिनीला टेकून जांघ ताणून घ्यावी, दोन्ही बाजूंनी, श्वास न रोखता. या सरावाने अर्ध्या तक्रारी कमी होतात हे मी सतत पाहते.

चालत्या घोड्याची पाठ नेमकी कशी हलते हे एकदा समजून घेतलं की ताठ बसण्याचा मोह आपोआप सुटतो. वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालण्यात, पावलांचे चार ठोके असतात. मागचा डावा पाय पुढे येताना घोड्याच्या पाठीची डावी बाजू खाली जाते आणि पोट उजवीकडे झुलतं. त्याच क्षणी तुमचं डावं बैठकीचं हाड किंचित खाली आणि पुढे जातं. लगेच उजवीकडे तसंच. लंजवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातातल्या लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर, डोळे मिटून बसवलं आणि 'आता डावा, आता उजवा' असं बोलायला लावलं तर काही वेळात माणूस न बघता घोड्याचे मागचे पाय ओळखायला लागतो. आपण चालताना आपला पेल्व्हिस जसा हलतो, त्याच्याशी ही हालचाल पुष्कळ जुळते. म्हणून तर अपंग मुलांच्या उपचारात घोड्याच्या चालीचा उपयोग करतात. ट्रॉटमध्ये दोन ठोके, कर्णातले पाय जोडीने पडतात आणि मध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. कँटरचे, म्हणजे संथ दौडीचे, तीन. प्रत्येक चालीला कमरेने वेगळी साथ द्यावी लागते, आणि एकदा पवित्रा घेऊन गोठून बसलेल्या शरीराला ती देता येत नाही.

याची किंमत घोडा मोजतो. पाठीवर वजन टणक होऊन आपटायला लागलं की तो पाठ खाली सोडतो, मान वर करतो, पावलं आखडतो. मग आपण म्हणतो घोडा आळशी आहे आणि टाच मारतो. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं भारताचं १९८२ नंतरचं ते पहिलं सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या स्पर्धेच्या चित्रफिती जरूर पाहा. पहिल्यांदा वाटतं स्वार हलतच नाहीत. मग टोपीवरची नजर काढून त्यांच्या कमरेकडे बघा. ती एक क्षणही थांबत नाही, घोड्याच्या पाठीइतकीच हलते, ना कमी ना जास्त. म्हणूनच वरचं धड इतकं शांत दिसतं.

'टाचा जमतील तेवढ्या खाली दाबा'

टाच चवड्यापेक्षा थोडी खाली असावी, हे खरं. रिकीब चवड्याच्या रुंद भागाखाली, घोटा मोकळा, आणि वजन पायातून खाली उतरलं की टाच आपणहून खाली जाते. जोर लावून दाबली की घोटा कुलूपबंद होतो आणि संपूर्ण पाय पुढे ढकलला जातो. पाय पुढे गेला की बैठक मागे सरकते, आणि स्वार आरामखुर्चीत टेकल्यासारखा घोड्याच्या कमरेवर वजन टाकून बसतो. मग रायझिंग ट्रॉटमध्ये (ठोक्याबरोबर खोगिरातून उठत-बसत केलेल्या ट्रॉटमध्ये) उठायला त्याला लगाम ओढावा लागतो, कारण पाय शरीराखाली नसतातच.

टाच खाली जात नसेल तर आधी रिकिबीची लांबी तपासा. बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा जिथे खोगिराला अडकतो तिथे टेकवा आणि हात सरळ करून रिकीब बगलेत येते का पाहा. सुरुवातीला एवढी लांबी ठीक असते. भाड्याच्या घोड्यावर बसताना आधीच्या माणसाच्या मापाची रिकीब तशीच राहते आणि मग तासभर माणूस पंजाने रिकीब शोधत बसतो.

'तोल जातोय असं वाटलं की लगाम ओढा'

या एका नियमामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते. तोंडातली लोखंडी कडी तिथे, जिभेवर आणि दात नसलेल्या हिरडीवर टेकते. हिरडीखाली लगेच हाड. साठ-सत्तर किलोच्या माणसाने आपला तोल तिथे लटकवायचा, हे सांगणाऱ्याने घोड्याचं तोंड कधी उघडून पाहिलेलं नसणार. वेदनेने घोडा डोकं वर फेकतो किंवा मागे सरतो, आणि ज्या पडण्याची भीती होती ते पडणंच ओढवतं. वारंवार असं झालं की घोड्याचं तोंड बोथट होतं. शिबिरांतले, हौशी रपेटीचे कितीतरी घोडे आज कशालाच दाद देत नाहीत, त्याचं मोठं कारण नवख्यांचे हे हात आहेत.

हात धडापासून सुटे व्हायला हवेत. वॉकमध्ये आणि कँटरमध्ये घोड्याची मान पुढेमागे होते, तेव्हा कोपर उघडत-मिटत त्या मानेबरोबर जायला हवं. ट्रॉटमध्ये मान जवळजवळ स्थिर असते. म्हणून रायझिंग करताना धड वर गेलं तरी मूठ तिथेच राहिली पाहिजे, आणि त्यासाठी वर उठताना कोपर उघडावं लागतं. नवखा माणूस नेमका उलटा वागतो, धडाबरोबर हातही वर नेतो आणि प्रत्येक उठण्याला घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. तोल जातोय असं वाटलं तर गळपट्टा धरायचा. घोड्याच्या मानेच्या बुडाशी बांधलेला साधा चामडी पट्टा. तो नसेल तर खोगिराचा पुढचा उंचवटा किंवा मूठभर आयाळ. यात कमीपणा काही नाही. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वारांना सुरुवातीला दीर्घकाळ लंजवर, रिकीब नाही, लगाम नाही, असंच बसवतात. लगाम हातात येतो तो तोल आल्यावर.

नजर मानेवर खिळवण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते खाली झुकलं की खांदे पुढे येतात, बैठकीचं वजन पुढे सरकतं आणि वळणावर कुठे जायचं तेच दिसत नाही. समोर, कानांच्या मधून दूरवर बघा, आणि श्वास सोडायला विसरू नका. श्वास रोखलेल्या माणसाचे खांदे कानाला लागलेले असतात.

'दहाव्या वर्षाआधी सुरू केलं नाही तर तोल येत नाही'

जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू हॉय यांनी टोकियोत ६२ व्या वर्षी इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, मैदानी दौड आणि उडी मिळून होणाऱ्या प्रकारात) सांघिक रौप्य आणि वैयक्तिक कांस्य मिळवलं. हे दोघेही आयुष्यभर घोड्यावर होते, त्यामुळे चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला त्यांचं पदक मिळेल असं मी म्हणत नाही. पण तोल हा बालपणीच गोठणारा गुण असता तर साठी-सत्तरीत इतका बारीक तोल टिकला नसता.

मोठेपणी शिकणाऱ्याला भीती जास्त असते, खुबे आखडलेले असतात. दुसरीकडे त्याला सांगितलेलं समजतं आणि घोड्याला दुखतंय हे सांगितलं की तो लगेच हात सैल सोडतो. वाशीची एक शिक्षिका निवृत्तीनंतर आमच्याकडे यायला लागल्या. पहिले काही आठवडे त्या फक्त लंजवर वॉक करत. घाई नाही, कुणाशी स्पर्धा नाही. आज त्या रायझिंग ट्रॉटमध्ये लगाम दोन बोटांत धरून येतात आणि लहान मुलं थांबून त्यांच्याकडे बघतात. वजनाचा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे बघावा. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं, हा सगळीकडे पाळला जाणारा अंदाज आहे. माथेरानला लहानखुऱ्या तट्टावर बसताना हे आपण सर्रास विसरतो.

शिवकाळाचं नाव

मराठ्यांचं घोडदळ हलकं आणि चपळ, बारगीर असो की शिलेदार, मजल दरमजल करणारं. एका हातात भाला, दुसऱ्या हातात लगाम, खाली भीमथडीसारखं काटक तट्टू. दिवसभर मांड्या आवळून कोणाही माणसाचे स्नायू टिकत नाहीत, आणि पाठ सोलवटलेला घोडा दुसऱ्या दिवशीच्या मजलेला उपयोगाचा नसतो. ज्यांचा जीव घोड्याच्या पाठीवर अवलंबून होता, त्यांच्या नावावर पाठ दुखवणारी बैठक खपवू नये.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त आढळते: डावं-उजवं. बहुतेक माणसं एका बाजूला जास्त वजन टाकून बसतात. लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर, पाकीट एकाच मागच्या खिशात, उभं राहायचं ते एकाच पायावर. खोगिरात तेच उतरतं. स्वाराला ते जाणवत नाही, कारण त्याला वाकडंच सरळ वाटतं. रपेट संपल्यावर खोगिराखालचं कापड उचलून घामाचा डाग बघा. डावी-उजवीकडे सारखा ओला असेल तर ठीक. एका बाजूला गडद आणि दुसरीकडे कोरडा चट्टा असेल तर खोगीर नीट बसत नाही किंवा तुम्ही एका कुशीला बसता. आपल्या दमट हवेत घोड्याला घाम भरपूर येतो, त्यामुळे डाग स्पष्ट दिसतो. दोन वेगवेगळ्या स्वारांनंतर तोच डाग आला तर खोगीर तपासायला सांगा, तुमच्याच वेळी आला तर स्वतःला तपासा.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे अरेनात चिखल होतो आणि वर्ग महिना-महिना बंद पडतात. तेव्हा घरी एका पायावर उभं राहून दात घासा, सकाळी डावा, रात्री उजवा. कोणत्या पायावर डगमगता हे आठवडाभरात कळेल, आणि खोगिरात तुम्ही कुठे कलता त्याचा अंदाजही त्यातून येईल. पाऊस उघडल्यावर वर्ग सुरू होतील तेव्हा शिकवणाऱ्याकडे पहिली पंधरा मिनिटं लंजवर, लगामाशिवाय मागून घ्या. घोडा मोकळा नाही, वेळ नाही, असं उत्तर मिळालं तर निदान गळपट्टा मागा. तो नाकारायला कुठल्याच पागेकडे सबब नाही.